मखरातील दिव्यांची माळ

भाद्रपदातील चतुर्थी उद्यावर आली की रत्नागिरीच्या टिळक आळीपासून मिऱ्यापर्यंत घरोघरी एकच धांदल उडते. माजघरात नारळ खोवले जात असतात, पडवीत वडीलधारी मंडळी दूर्वा निवडीत बसलेली असतात आणि मखराजवळ स्टुलावर उभा राहून घरातला एखादा तरुण दिव्यांच्या माळेशी झगडत असतो. गतवर्षी सुरळीत चाललेली माळ यंदा लावावी, तर एकही दिवा पेटत नाही! "नवी आणू," असे तो म्हणतो. "एखादाच दिवा गेला असेल, शोध," असे आजोबा सांगतात. आणि बहुधा आजोबांचेच खरे ठरते.

कारण जुन्या पद्धतीच्या माळेची जोडणी एकसर असते. घरात येणारा विजेचा दाब २३० व्होल्टचा. माळेतला चिमुकला दिवा सहा व्होल्टचा. असे ४० दिवे एकाच तारेत ओवले की दाब सर्वांत वाटला जाऊन प्रत्येकाच्या वाट्यास सहाहून किंचित कमी येतो. पण हारातला दोरा तुटावा तसे एका दिव्याची तार तुटली की साऱ्यांचाच प्रवाह खुंटतो. घरातले मोठे दिवे समांतर जोडलेले असल्याने स्वयंपाकघरातला दिवा गेला, तरी देवघरात अंधार होत नाही.

काही हिकमती मंडळी गेलेले दिवे काढून तारा सरळ जोडून टाकतात. असे पाच दिवे काढले की उरलेल्या ३५ दिव्यांवर प्रत्येकी साडेसहा व्होल्टांहून अधिक दाब येतो. माळेचा एकूण रोध घटतो, प्रवाह वाढतो, माळ पूर्वीपेक्षा झगझगीत दिसते आणि घरची मंडळी खूश होतात. मात्र अधिक तापलेले दिवे लवकर जातात, आणि गौरी येईतो पुन्हा तोच प्रसंग! दाब, रोध आणि प्रवाह यांचे हे गणित ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, इतके ते सोपे आहे.

आता वाचकांनी जरा थांबून वाचावे असा भाग. दिवे सहा व्होल्टचे, म्हणून माळ निरुपद्रवी, हा समज घातक आहे. माळ पेटलेली असताना दाब दिव्यादिव्यागणिक उतरत जातो. ती बंद पडली की प्रवाहच नसल्याने दाब कोठेच उतरत नाही. वीज येणाऱ्या टोकापासून नादुरुस्त दिव्यापर्यंतची सारी तार पुऱ्या २३० व्होल्टवर उभी असते. पेटलेल्या माळेपेक्षा विझलेली माळ अधिक भयंकर, ती अशी.

त्यातून हे दिवस पावसाचे. पडवी ओली, हात ओले, पाय अनवाणी. कोरडी त्वचा विजेला बराच रोध करते; भिजलेल्या देहाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला हजाराने भागा: प्रवाह २३० मिलिअँपिअर. घरगुती संरक्षक स्विच सामान्यतः ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडतो, यावरून काय ते समजावे. असा स्विच ज्यांच्या घरी नाही, त्यांनी तो उत्सवापूर्वी बसवून घ्यावा. मखराच्या खर्चापुढे तो जड नाही.

सैल पिळलेला जोडही असाच वैरी. तेथे रोध वाढतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. भोवती कागद आणि कापड असतेच.

तेव्हा माळ बंद पडली, तर नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो आणि बटण नेमक्या कोणत्या तारेवर आहे याची खात्री नसते. मग एकेक दिवा काढून बॅटरीच्या दोन सेलांवर लावून पाहावा. चांगला दिवा मंद का होईना, लालसर उजळतो. जो उजळत नाही, तो बदलावा, त्याच व्होल्टचा घालून. आणि आरतीची वेळ होण्याआधी हात कोरडे करून प्लग लावावा.