जीवाणूंतील जनुक-नियंत्रण : निरोपातच दडलेली कळ

धानाच्या शेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात तांदळाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तांदूळ अधिक पॉलिश केल्यास कोंड्याबरोबर त्यातील थायमिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व, बव्हंशी निघून जाते. धान उकडून मग भरडल्यास त्याचा बराच अंश दाण्यात टिकतो. मनुष्याला हे जीवनसत्त्व अन्नातूनच मिळवावे लागते. अनेक जीवाणू मात्र ते स्वतः तयार करतात आणि आयते मिळू लागताच आपले उत्पादन थांबवितात. हा हिशेब ते कसा ठेवतात?

नक्कल आणि तिची घडी

कचेरीतील मूळ दस्तऐवज जागेवरच राहतो व कामासाठी त्याची नक्कल दिली जाते. पेशीतही जनुकाची नक्कल आरएनए या रेणूच्या रूपाने निघते व रायबोझोम ही यंत्रणा ती वाचून प्रथिन तयार करते. फ्रान्समधील झाकोब व मोनो यांनी १९६१ मध्ये जनुक-नियंत्रणाची उपपत्ती मांडली. त्यानंतर दीर्घकाळ हे नियंत्रण मुख्यतः प्रथिनेच करतात, असा समज होता.

२००२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ही नक्कल स्वतःही नियंत्रण करू शकते. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत थायमिनसंबंधीच्या आरएनएचा आरंभीचा भाग विशिष्ट घडी घालतो. थायमिनपासून बनलेला रेणू विपुल असला की तो या घडीत बसतो आणि रायबोझोमने वाचन सुरू करावयाची जागा झाकली जाते. साठा घटला की नव्या नकलांवर ती जागा मोकळी राहते व उत्पादन पुन्हा सुरू होते. या रचनेस ‘रायबोस्विच’ म्हणतात. २००३ मध्ये थायमिनची हीच कळ भाताच्या जनुकातही आढळली.

नव्या औषधांची दिशा

रोगजंतू जुन्या प्रतिजैविकांना दाद देईनासे होत असताना या शोधास विशेष महत्त्व आहे. मर्क कंपनीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘रायबोसिल’ हे संयुग प्रसिद्ध केले. ते ब-२ जीवनसत्त्वाच्या कळेत बसून तिला फसविते. साठा भरपूर आहे असे समजून जीवाणू उत्पादन थांबवितो व त्याची वाढ खुंटते. ही कळ मानवी पेशीत आढळत नाही, हा त्यातील मोठा लाभ होय. मात्र हे संयुग अद्याप रुग्णांसाठी औषध म्हणून उपलब्ध झालेले नाही.

तोवर हाती असलेली प्रतिजैविके जपून वापरणे अगत्याचे आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावीत, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आवर्जून सांगावी.