सोयरिकीचा डाव आणि सातबारा



लग्नसराई जवळ आली की उमरग्याच्या बाजारात बी-बियाण्याच्या आधी सोयरिकीच्या गोष्टी निघतात. म्हणून आज पिकाचे न सांगता पोरीचे सांगतो.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यात कांचनभट पैशाच्या लोभाने पोर देऊ करतो ती पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ. शारदेची आई इंदिराकाकू. तिला हे पटत नाही, पण घरात तिचा शब्द चालत नाही.

आईचा शब्द चालला असता, तर सारे नीट झाले असते का? नेहमीच नाही. इंग्लंडात १८१३ साली निघालेल्या जेन ऑस्टिनबाईंच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीत आईच डाव टाकते. बेनेटबाईंना पाच मुली, मुलगा नाही. थोरलीला एका धनवान तरुणाच्या घरून जेवणाचे बोलावणे येते. आई गाडी न देता तिला घोड्यावर धाडते. आभाळ भरलेले, पाऊस लागला की पोर तिथेच मुक्कामाला राहील, हा हिशेब! पोर भिजून आजारी पडते. आई मात्र खुशीत.

ही आई लबाड खरी, पण डावामागे कारण होते. मुलगा नसल्याने नवऱ्यामागे सारी जमीन दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार होती. मुलींना लग्नाखेरीज आसरा नव्हता. मुळाला कीड लागली असता पानांवर फवारून काय होणार?

आपल्याकडे कायद्याने हे मूळ सुधारले आहे. हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तर साऱ्या देशात तो २००५ साली मिळाला. मुलीच्या लग्नाचे वय १९७८ पासून अठरा आहे. तरी पाऊस दगा देतो त्या साली ‘ओझे उतरवू’ म्हणून घाई होतेच. पोरीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तीही गोड बोलून.

मायबाई, पोरीचे भले तुम्हालाच अधिक कळते. डाव टाकू नका. तिला शिकू द्या, पोरगा तिला पसंत आहे का ते विचारा, आणि वाटणीच्या वेळी सातबाऱ्यावर तिचे नाव लागले का, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतः पाहा.