कुलपाशी किती वेळ घुटमळायचं?

परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आमच्या टीमकडे महिनाअखेरीला एक तक्रार हमखास येते: सर्व्हर स्लो झालाय. या वेळचं मशीन मोठं होतं, कोअर भरपूर. सगळे कोअर कामात गढलेले दिसत होते आणि बिलं मात्र थेंबथेंब बाहेर पडत होती. नागपुरात मे महिन्यात असं काही झालं की पहिला संशय एसीवर जातो. तो तपासून झाला होता.

अशा वेळी माझी सहकारी एकाही सेटिंगला हात लावत नाही. तिनं टर्मिनलवर ‘पर्फ लॉक कंटेन्शन’ चालवलं आणि खुर्ची मागे ढकलून वाट बघत बसली. लिनक्स कर्नलमधल्या कोणत्या लॉकसाठी, कोण, किती वेळ ताटकळलं, याचा हिशेब ही कमांड मांडते. पूर्वी यासाठी ‘लॉक_स्टॅट’ चालू ठेवून वेगळा कर्नल बांधावा लागे, आणि तो स्वतःच इतका मंद चालायचा की ग्राहकाच्या मशीनवर चढवायची सोय नव्हती. 2022 साली 5.19 या कर्नलमध्ये लॉकची वाट बघणं सुरू झालं आणि संपलं, अशा दोन्ही क्षणांच्या खुणा आल्या, तेव्हापासून चालत्या गाड्याची नाडी बघता येते. (या ग्राहकाच्या कंपनीनं त्या खुणा जुन्या कर्नलमध्ये मागाहून आणलेल्या होत्या, हे आमचं नशीब.)

यादीत सगळ्यात वर एकच नाव होतं: एममॅप_लॉक. एका प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा सांभाळणारं हे कुलूप. मेमरीचं पान हवं असलेले थ्रेड ते एकत्र वापरू शकतात. पण कुणाला नकाशाच बदलायचा असेल, तर बाकी सगळ्यांनी थांबायचं. बिलांचा तो प्रोग्राम शेकड्यानं थ्रेड उघडत होता, आणि प्रत्येक जण सारखा नकाशात खाडाखोड करत होता.

कुलपासाठी थांबण्याचे प्रकार दोन. टपरीवर चहा सांगून काउंटरपाशीच घुटमळायचं, किंवा ‘झाला की आवाज दे’ म्हणून बाकावर जाऊन बसायचं. पहिल्यात कोअर नुसता फिरत राहतो, याला स्पिन म्हणतात. दुसऱ्यात थ्रेड झोपतो, कोअर दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, पण झोपवायला आणि उठवायला वेळ जातो. काम क्षणभराचं असेल तर घुटमळणं परवडतं, लांबलं तर नाही.

आमच्याकडे नव्यानं लागलेला मुलगा मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “ताई, किती फिरायचं ते आपल्यालाच ठरवता आलं तर? कर्नलमध्ये एक आकडा टाकायचा, झालं.”

“कोणता टाकतोस?” तिनं विचारलं.

तो गप्प. गप्प राहण्यासारखाच प्रश्न आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबीमध्ये असे आकडे लोकांच्या हाती खरोखर दिलेले आहेत. त्यातला ‘इनोडीबी_स्पिन_वेट_डिले’ मुळात 6 असतो. त्या फिरण्यात प्रोसेसरची ‘पॉज’ नावाची सूचना वापरली जाते. इंटेलच्या आधीच्या पिढ्यांत तिला साधारण 10 सायकल लागायच्या. स्कायलेक या पिढीत त्या 140 पर्यंत गेल्या. सेटिंगच्या फाइलमधला 6 जागचा हलला नाही आणि थांबणं मात्र चौदापट झालं. मग 8.0.16 मध्ये त्या आकड्याला गुणणारा आणखी एक आकडा द्यावा लागला. एका बटणाची चूक निस्तरायला दुसरं बटण!

लिनक्सच्या म्युटेक्स या कुलपानं 2009 साली, 2.6.30 मध्ये, वेगळी वाट धरली. कुलूप ज्याच्याकडे आहे तो थ्रेड या घडीला कोअरवर चालतोय का, तेवढं बघायचं. चालत असेल तर फिरत राहा, झोपला असेल तर तूही झोप. इथं वापरणाऱ्याला विचारण्यासारखं फारसं उरतच नाही. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते.

तरीही बटणं द्यायचीच नाहीत, असं मी म्हणणार नाही. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘डीबग.एमपीसेफनेट’ हे बटण होतं. ते शून्य केलं की सगळं नेटवर्किंग पुन्हा ‘जायंट’ या एकाच मोठ्या कुलपाखाली जायचं. 2004 च्या 5.3 आवृत्तीपासून ते मुळातच 1 झालं, आणि कुलपं बारीक करण्याचं काम पुरं झाल्यावर काढून टाकलं. हो किंवा नाही एवढाच प्रश्न, आणि तोही काम संपेपर्यंत. लिनक्सनं पॉवर प्रोसेसरच्या नव्या स्पिनलॉकचे आकडे 6.2 मध्ये उघडे केले, पण डीबगएफएसमध्ये: तिथं रूटशिवाय कुणी शिरत नाही आणि उद्या ती फाइल असेलच, असा शब्दही कुणी दिलेला नसतो. ‘प्रॉक’ किंवा ‘सिस’मध्ये ठेवलेला आकडा मात्र वर्षानुवर्षं पोसावा लागतो, कारण कुणाची ना कुणाची स्क्रिप्ट त्यावर विसंबलेली असते. 2021 साली 5.13 मध्ये शेड्युलरचे आकडे ‘प्रॉक’मधून उचलून डीबगएफएसमध्ये नेले, तेव्हा ते आकडे लिहिणारी साधनं अशीच अडखळली.

एममॅप_लॉकचा खरा उतारा 2023 च्या 6.4 मध्ये आला. तो कुठल्याच आकड्याचा नव्हता: नकाशाच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र कुलूप दिलं गेलं, त्यामुळे पान मागणाऱ्या बहुतेकांना मोठ्या कुलपाकडे जावंच लागत नाही. आमच्या ग्राहकाचा कर्नल त्याआधीचा, आणि तो बदलायला वरून परवानगी लागणार होती. म्हणून तिनं तोच प्रोग्राम थोडे थोडे थ्रेड देऊन वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटला. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, कुलूपही वेगळं. पुन्हा कमांड चालवली तेव्हा यादीत एममॅप_लॉक बरंच खाली गेलं होतं.

रिपोर्टच्या ठरलेल्या तक्त्यात ‘बदललेली कर्नल सेटिंग’ असा एक रकाना असतो. तिनं तिथं ‘एकही नाही’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला: रकाना चुकून राहिलाय का?