चंद्राचे छायाचित्र व लोणारचे विवर

पाठ्यपुस्तकात चंद्रावरील विवरांची चित्रे असतात. परंतु पुष्कळ मुलांना ते शाईचे ठिपकेच वाटतात. तीच विवरे विद्यार्थ्याने स्वतः पाहून टिपली म्हणजे विषय त्याच्या मनात ठसतो. शिक्षकांजवळचा मोबाइल व एक साधी द्विनेत्री दुर्बीण एवढ्या साधनांवर हा उपक्रम शाळेच्या अंगणात करता येतो.

प्रथम तिथीचा विचार करावा. पौर्णिमेचा चंद्र मनोहर दिसतो खरा, परंतु त्या रात्री त्याच्यावर सूर्याचे किरण आपल्या बाजूने सरळ पडतात. सावल्या दिसत नाहीत आणि चंद्र थाळीसारखा सपाट भासतो. शुद्ध सप्तमी ते दशमी या काळात प्रकाश व अंधार यांच्या सीमारेषेवर सूर्य नुकताच उगवत असतो. तेथे विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडून खोली स्पष्ट होते. शिवाय या तिथींना चंद्र सायंकाळीच आकाशात असल्याने मुलांना जागरण घडत नाही.

आता कृती पाहू. दुर्बीण खांबाला किंवा तिवईला घट्ट बांधावी. मुलांनी आधी डोळ्यांनी पाहून वहीत आकृती काढावी. कारण काही मोबाइल चित्रातील बारकावे आपणहून ठळक करतात, तेव्हा पडताळा हाताशी असावा. नंतर मोबाइलचे भिंग दुर्बिणीच्या नेत्रभिंगावर नीट टेकवावे. काळे आकाश पाहून मोबाइल जास्त प्रकाश घेतो व चंद्र पांढराफटक येतो. वास्तविक चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक होय. म्हणून पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड कमी करावा. कळ दाबल्यावर काही सेकंदांनी चित्र निघेल अशी योजना केल्यास हात हलण्याचा दोष टळतो. दुर्बीण सूर्याकडे मात्र कधीही रोखू देऊ नये. दृष्टी जाण्याचा धोका असतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यास याबाबतीत मोठी अनुकूलता आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद असून ते दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकात आहे. ते ज्वालामुखीचे असावे असे काही अभ्यासक मानीत. परंतु १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने काचेसारखे झालेले खनिज तेथे आढळल्याचे दाखविण्यात आले आणि ते अशनीच्या आघाताने झाल्याचे निश्चित झाले. चंद्रावरील कोपर्निकस विवरही आघातानेच झाले. त्याची रुंदी सुमारे ९३ किलोमीटर, म्हणजे त्याच्या तोंडावर पन्नासाहून अधिक लोणार ओळीने मावतील. लोणारएवढे विवर आपल्या दुर्बिणीतून दिसणार नाही, हेही मुलांना सांगावे. चंद्रावर वारा व पाऊस नसल्याने विवरे दीर्घकाळ टिकतात. पृथ्वीवर ती झिजतात व बुजतात.

लोणारला सहल गेल्यास सूर्योदयी काठावरून चित्र घ्यावे. पूर्वेच्या कडेची सावली आत पसरलेली व पश्चिमेचा उतार उजळलेला दिसेल. दुपारी ती सावली आखडते. सहल शक्य नसल्यास परातीत कोरडी राख पसरून वरून खडा टाकावा आणि अंधाऱ्या खोलीत विजेरी एकदा वरून, एकदा बाजूने धरून दोन चित्रे घ्यावीत.

ही चित्रे चंद्राच्या चित्राशेजारी तिथी व वेळ लिहून फलकावर लावावीत. सावली कोणत्या बाजूस आहे आणि म्हणून सूर्य कोठे असावा, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर मुलांना चित्रांवरूनच शोधू द्यावे.