दुहेरी पार्किंग आणि माल उतरवण्याची जागा : पेठेतील व्यापाऱ्यांनी काय मागावे?

सोलापुरात मंगळवार पेठ, चाटी गल्ली, फलटण गल्ली, मधला मारुती किंवा नवी पेठ या भागात ज्याचे दुकान आहे, त्याला हे दृश्य नवीन नाही. दुकानासमोर मोटारसायकलींची रांग असते. तिच्या बाहेर, भर रस्त्यात, माल घेऊन आलेला टेम्पो उभा राहतो. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात, हमाल पाठीवर गाठ घेऊन गाड्यांच्या फटीतून वाट काढतो आणि आपण गल्ल्यावर बसून "जल्दी करो भाई" म्हणून ओरडतो. एका उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी उभी करणे, यालाच दुहेरी पार्किंग म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या अगोदर माझ्याच दुकानाचा टॉवेलचा माल असाच उतरत होता. आमचे जुने हमालचाचा गाठ घेऊन वळले, तेवढ्यात टेम्पो आणि मोटारसायकलींच्या मधल्या फटीतून एक पोरगा गाडी घालू लागला. चाचांच्या पायाचे हाड मोडले. सव्वा महिना त्यांची रोजी बुडाली. औषधपाण्याचा खर्च मी केला, पण तेवढ्याने माझे मन साफ झाले नाही. दंड टेम्पोवाल्याला झाला. मला कोणी काही विचारले नाही. वास्तविक दुकानासमोरची जागा ज्या गाड्यांनी अडवली होती, त्यांत पहिली माझी स्कूटर होती. सकाळी दहाला लावलेली ती रात्री नऊला हलायची. शेजारी माझ्या मुलाची आणि दोन नोकरांच्या गाड्या.

म्हणून प्रथम हिशेब मांडू. पेठेतला एखादा रस्ता ७ मीटर रुंद आहे असे धरा. दोन्ही बाजूंना दुचाक्या आडव्या लागल्या की प्रत्येक बाजूचे जवळजवळ २ मीटर गेले. राहिले ३ मीटर. २००५ साली बाजारात आलेला, ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो तो टेम्पो सुमारे दीड मीटर रुंद आहे. तो उभा राहिला की उरतो दीड मीटर. एवढ्यातून रिक्षासुद्धा धड जात नाही, मग आगीचा बंब कुठून जाणार? आणि कापडाच्या बाजारात आगीची भीती किती असते, हे आपल्याला सांगायला नको.

टेम्पोवाल्याला शिव्या देऊन हा हिशेब बदलत नाही. सात-साडेसातशे किलो माल तो लांब कुठे उभा राहून दुकानापर्यंत कसा पोहोचवील? कडेला जागा नाही म्हणून तो मध्ये थांबतो.

कायदा काय सांगतो तेही पाहू. बरेच जण समजतात की ड्रायव्हर जागेवर बसला असेल किंवा चारही इंडिकेटर लावले असतील तर गुन्हा होत नाही. हा गैरसमज आहे. उभ्या गाडीच्या शेजारी गाडी लावण्यास रस्ता वापराच्या १९८९ च्या नियमांतच मनाई होती. २०१७ साली नवे नियम आले, तरी दुहेरी पार्किंग हा गुन्हा राहिलाच. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२२ वाहतुकीला अडथळा होईल अशी गाडी सोडण्याबद्दल आहे. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात कलम १७७ खालचा साधा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर १५०० रुपये झाला आहे. हा दंड टेम्पोवाला भरतो असे दिसते, पण पुढच्या खेपेला तो भाड्यात येतो आणि भाडे आपल्या मालाच्या किमतीत.

मात्र त्याच कायद्यात कलम ११७ आहे, ते व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे आहे. गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहू शकतील अशा जागा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला त्यात दिला आहे. अट एवढीच की स्थानिक संस्थेचा, म्हणजे आपल्याकडे महानगरपालिकेचा, सल्ला घ्यावा. माल चढवण्या-उतरवण्यासाठी राखीव जागा, जिला लोडिंग झोन म्हणतात, ती याच मार्गाने मागता येते.

काही मंडळी म्हणतात, सगळा माल रात्रीच उतरवा, भानगडच नको. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास रोममध्ये ज्युलियस सीझरच्या कायद्याने दिवसा मालाच्या गाड्यांना बंदी केली होती. पुढे रात्रभर चाकांच्या आवाजाने झोप येत नाही, अशी तक्रार तिथले कवी करू लागले. आमच्या पेठांत दुकानाच्या वर घरे आहेत, तेव्हा इथेही तेच होईल. शिवाय मोठा व्यापारी रात्री माणूस ठेवू शकतो. साखर पेठेतला दोन-चार मागांचा कारखानदार, गादीवाला नदाफ, शिवणकाम करून गणवेशाचे गठ्ठे पोहोचवणारा कारागीर रात्री दुकान उघडे ठेवायला कोणाला सांगणार? हमालांच्या मजुरीसाठी आणि कामाच्या अटींसाठी राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्यांना न विचारता रात्रपाळी लादणेही योग्य नाही. परगावचे मोठे ट्रक पहाटे येऊन जावेत हे मला मान्य आहे. लहान टेम्पोला दिवसा जागा हवी.

बाराव्या शतकात शामदेशात शैझरी नावाच्या लेखकाने बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबसाठी पुस्तक लिहिले. त्यात लाकूडफाटा, पेंढा असली ओझी गर्दीच्या बाजारात आणू देऊ नयेत, लोकांचे कपडे फाटतात, असे सांगितले आहे. जनावर उभे राहिले तर त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवून ठेवावे, अशीही ताकीद आहे. म्हणजे हा झगडा मोटारीच्या आधीचा आहे. लंडनमध्ये १९९१ पासून मोठ्या रस्त्यांवर थांबण्यास कडक मनाई आली, पण त्याच रस्त्यांवर माल उतरवण्याच्या चौकटी रंगवून बहुधा २० मिनिटांची मुदत दिली गेली. नुसती बंदी केली असती तर दुकाने चालली नसती.

आपल्याकडे १२ मीटर लांबीची एक चौकट घेतली तर दोन टेम्पो आरामात आत-बाहेर करू शकतात. प्रत्येकी २० मिनिटे धरली तर तासाला सहा गाड्या, पाच तासांत तीस. सगळे वेळेवर येत नाहीत, निम्म्या धरा. पंधरा गाड्यांचा माल रस्ता न अडवता उतरेल. याच्या बदल्यात काय सोडायचे? त्या १२ मीटरमध्ये साधारण सोळा दुचाक्या बसतात. त्यातल्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या नसतात, आपल्याच असतात. त्या थोड्या लांब लावाव्या लागतील. मी स्वतः आता दहा मिनिटे चालत येतो. सुरुवातीला जड गेले, हे कबूल करतो.

मुदत पाळणे ही दुकानदाराचीही जबाबदारी आहे. टेम्पो आला आणि मालक चहाला गेलेला, बिल्टी सापडत नाही, गाठी मोजायला माणूस नाही, असे झाले तर २० मिनिटे तिथेच जातात. गोदामाची जागा आधी मोकळी करावी, हमालाला आधी सांगावे.

हे झाले नाही तर काय होते ते मुंबईने पाहिले आहे. गर्दीच्या कारणाने तिथला घाऊक कांदा-बटाटा बाजार १९८१ साली वाशीला गेला, फळे-भाजी १९९६ साली. मोठ्यांनी तिकडे गाळे घेतले. लहान माणसाला तेवढे भांडवल कुठले? आपल्या पेठेबद्दल असा विचार कोणाच्या मनात येण्याआधी आपण हालचाल करावी.

अर्ज एकट्या दुकानदाराने करू नये. गल्लीतल्या सर्वांच्या सह्यांचे एकच पत्र वाहतूक पोलिसांना द्यावे, प्रत महानगरपालिकेला. त्यासोबत रस्त्याची मोजलेली रुंदी, कोणत्या दुकानापासून कोणत्या दुकानापर्यंत जागा हवी ते, आणि एका आठवड्यात रोज किती टेम्पो कोणत्या वेळी आले त्याची वही जोडावी. अशा आदेशावर हरकती मागवल्या जातात, म्हणून शेजारच्या रहिवाशांशी आधीच बोलून ठेवावे. विजापूर वेशीत रमजानमध्ये मीना बाजार भरतो, तेव्हाची वेळ वेगळी मागावी. दुपारनंतर तिथे टेम्पो शिरणे शक्य नसते.

आणि पाटीवर फक्त अक्षरे नकोत. आपल्याकडे विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादहून गाड्या येतात, त्या ड्रायव्हरांना मराठी वाचता येईलच असे नाही. टेम्पोचे चित्र, घड्याळाची वेळ आणि जमिनीवर रुंद पिवळा पट्टा असला म्हणजे कोणालाही कळेल.