मदनोत्सव : उगम आणि आचार

प्राचीन भारतात प्रीतीच्या देवतेस वाहिलेला मदनोत्सव नावाचा वसंतोत्सव प्रचलित होता. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकांच्या सामुदायिक क्रीडांमध्ये ‘सुवसंतक’ हे नाव येते; जयमंगला टीकेत त्याचा अर्थ मदनोत्सव असाच दिला आहे.

या उत्सवाचे तपशीलवार चित्र रत्नावली नाटिकेच्या पहिल्या अंकात आढळते. इ. स. ६०६ ते ६४७ या काळात राज्य करणाऱ्या हर्षाच्या नावावर ही नाटिका आहे. तीत कौशांबीचे नगरजन पिचकाऱ्यांनी पाणी उडवितात व सुगंधी चूर्ण उधळतात. राणी वासवदत्ता उद्यानात रक्ताशोकाच्या तळी मदनाची आणि त्यानंतर पतीची पूजा करते. आडून पाहणाऱ्या सागरिकेस उदयन हाच मूर्तिमंत मदन वाटतो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात उद्यानातील दासी मदनास आम्रमंजरी अर्पण करते. परंतु विरहदुःखी दुष्यंताने त्या वर्षी उत्सवास मनाई केलेली असते.

होळी हे मदनोत्सवाचेच रूपांतर होय, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे मत जपूनच स्वीकारावयास हवे. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीच्या एका गाथेत फाल्गुनोत्सवातील चिखलफेकीचा उल्लेख आहे. मदनपूजेचा निर्देश तीत नाही. उलट, व्रतग्रंथांत मदनाचे पूजन चैत्र शुद्ध त्रयोदशी व चतुर्दशी या तिथींस सांगितले आहे. अमान्त व पौर्णिमान्त गणनेतील भेदाने हे अंतर मिटत नाही. कारण तो भेद कृष्णपक्षाच्या महिन्यापुरताच असतो, शुक्लपक्षाचा महिना दोहींत एकच असतो. तेव्हा रंग व जलक्रीडा हा ऋतूचा लोकोत्सव आणि मदनपूजा हा त्याच ऋतूतील देवताचार, असे दोन प्रवाह मूळचे वेगळे असून रत्नावलीत ते एकत्र आलेले दिसतात, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे शिवाने मदनास जाळल्याच्या कथेने होळीशी वेगळाच संबंध जोडला. कर्नाटकात होळीच्या प्रसंगी कामदहन केले जाते. म्हणजे ज्या देवतेची पूजा व्हावयाची, तिचे येथे दहन होते.

मदनपूजेचा हेतूही पालटला. मत्स्यपुराणातील मदनद्वादशीचे व्रत दिती आचरते ते पुत्रप्राप्तीसाठी. नाटकांतील प्रणयाचा उत्सव येथे संततीसाठी करावयाचे गृहिणीचे व्रत झाला आहे. शास्त्राने प्रीतीचा निषेध केला नाही. तिला कुटुंबाच्या चौकटीत बसविले.

चैत्रात देवास दवणा वाहण्याची चाल महाराष्ट्रात जोतिबासारख्या क्षेत्री आजही आहे. धर्मनिबंधांत दमनकपूजेच्या विधीत दवण्याच्या ठायी मदन व रती यांचे पूजन सांगितले आहे. उत्सव लोपला, तरी त्याच्या देवतेस विधीत असे स्थान उरले. प्रीतीचा उत्सव ही कल्पना या भूमीस परकी होती, असे समजणाऱ्यांनी हा पुरावा अवश्य लक्षात घ्यावा.