जुन्या स्कूटरची ठिणगी हरवते कुठे?

हैदराबादच्या काचीगुडा रेल्वे स्थानकाची घुमटांची इमारत १९१६ साली, निजामाच्या राजवटीत उभी राहिली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्या काळच्या येण्याजाण्यातून अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली आणि काचीगुड्याच्या गल्ल्यांत मराठी आजही कानी पडते. अशाच एका गल्लीत माझ्या मामांचे घर आहे. घराच्या अरुंद बोळात, हँडल भिंतीकडे वळवून, चाळीस वर्षांची एक स्कूटर उभी असते.

गेल्या वर्षी ती बंद पडली. नवा प्लग बसवला, नवी कॉइल बसवली, कार्बोरेटर दोनदा साफ झाला. मेकॅनिककडे नेली की ती दुसऱ्या किकला सुरू होई, घरी आणून लावली की पुन्हा मुकी. अखेर भंगारवाल्याने भाव सांगितला. मामा म्हणाले, "भंगारात जायचीच असेल तर स्वतःच्या पायांनी जाऊ दे. ढकलत नेणार नाही."

अशा स्कूटर गोव्यातही थोड्या नाहीत. पडवीत ताडपत्रीखाली वडिलांची किंवा काकांची गाडी उभी असते, पावसाळ्याचे चार महिने ती हलत नाही आणि चतुर्थीला बाहेर काढावी तर सुरू होत नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. न चालणारी गाडी तपासणीला नेता येत नाही आणि घरातली आठवण नकळत भंगाराच्या वाटेला लागते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा किरकोळ असतो; तो शोधण्याचा क्रम मात्र चुकलेला असतो.

ठिणगी जन्मते कशी

भारतात त्या काळी दोन घराणी प्रमुख होती. एक इटलीच्या लॅम्ब्रेटाचे: लखनौची 'विजय सुपर' आणि हैदराबादची 'ॲल्विन पुष्पक' त्यातल्या. दुसरे व्हेस्पाचे: पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून तयार होऊ लागलेली बजाज 'चेतक' त्यातली. घडण निराळी असली तरी जुन्या गाड्यांत ठिणगीचे तत्त्व एकच.

इंजिनाच्या एका बाजूला लोहचुंबक बसवलेले चाक फिरते. त्याला मॅग्नेटो म्हणतात. ते फिरले की आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. ऐन क्षणी काँटॅक्ट पॉइंट, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत सीबी पॉइंट, उघडतो आणि हा प्रवाह एकदम तुटतो. प्रवाह तुटताच कॉइलच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या टोकाशी असलेली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट ओलांडून ठिणगी पडते. पॉइंट उघडताना त्याच्याच तोंडाशी वीज जळून जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. या साखळीतली एक कडी निसटली तरी ठिणगी हरवते.

आधी पाहा, मग बदला

पहिला पुरावा प्लगच देतो. पाचसहा किक मारून प्लग काढावा. टोक कोरडे असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. दोष टाकी, कॉक किंवा कार्बोरेटरमध्ये शोधावा. टोक पेट्रोलने ओले असेल तर इंधन येते आहे, संशय ठिणगीवर. काळा तेलकट थर म्हणजे तेल किंवा पेट्रोल जास्त, फिकट तांबूस रंग म्हणजे सारे ठीक.

दुसरी पायरी ठिणगी डोळ्यांनी पाहण्याची. प्लग साफ करून कॅपमध्ये बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावे आणि सावलीत किक मारावी. निळसर, टणक, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळी-तांबडी, बारीक ठिणगी अशक्त. येथे सावधगिरी हवी. पेट्रोलचा कॉक बंद असावा, प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. जवळ विडी-सिगारेट नको आणि प्लग उघड्या हाताने धरू नये. प्लग कॅप मोकळी लोंबकळत ठेवून किक मारण्याची सवयही वाईट. वाट न मिळालेली वीज कॉइलचेच आवरण फोडते.

ठिणगी नसेल तर सर्वांत स्वस्त वस्तूपासून सुरुवात करावी: चांगला चालणारा दुसरा प्लग, मग प्लग कॅप, मग पॉइंट. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत उभ्या गाडीच्या पॉइंटवर गंजाचा पातळ थर चढतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण वीज अडवायला पुरतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासावा, मग कोरा कागद दोन पॉइंटच्या मधून ओढून भुकटी काढावी. लॅम्ब्रेटा घडणीच्या स्कूटरमध्ये पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर असावी. ती अंदाजाने न लावता फीलर गेजने मोजावी. पॉइंटवर तेल आढळले तर इंजिनाचे ऑइल सील गळते आहे, असे समजावे.

पॉइंटच्या तोंडाशी जाड निळी ठिणगी दिसत असेल आणि प्लगला मात्र अशक्त असेल तर कंडेन्सर गेला. गाडी थंड असताना उत्तम चालते, दहा मिनिटांत तापून बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर यांपैकी एक दोषी. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे दोष कोणाचा होता हे कळते. नंतरच्या सीडीआय पद्धतीच्या गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सर नसतात. तेथे चालू गाडीचा सीडीआय लावून पाहणे हीच सोपी परीक्षा.

परदेशांत गोल्फच्या मैदानांवर फिरणाऱ्या जुन्या पेट्रोल गाड्यांचे दुखणेही याच जातीचे. त्यांच्यात पायाखालचा पेडल दाबला की इंजिन सुरू होते आणि सोडला की थांबते, म्हणून पेडलशी जोडलेले छोटे बटणही संशयितांत मोजतात.

विसरलेली वायर

बटणाचा हा मुद्दा आपल्या स्कूटरलाही लागू आहे. मॅग्नेटोवर चालणारी गाडी बंद करताना स्विच वीज तोडत नाही. तो ठिणगीची वीज गाडीच्या धातूकडे वळवतो. म्हणजे स्विचकडे जाणाऱ्या वायरीचे आवरण कोठेही घासून तांबे सांगाड्याला टेकले, की गाडी चावीविनाच 'बंद' राहते. प्लग, पॉइंट, कॉइल सगळे नवे असले तरी उपयोग नाही. म्हणून कोणताही महागडा भाग घेण्यापूर्वी ही वायर इंजिनाजवळ सोडवून ठिणगी पाहावी. ठिणगी परतली तर दोष वायरीत किंवा स्विचमध्ये.

मामांच्या गाडीचे तेच झाले होते. एका वयस्क मेकॅनिकने मामांना फक्त एवढेच विचारले, "घरी गाडी उभी कशी करता?" हँडल सरळ ठेवून त्याने किक मारली: निळी ठिणगी. हँडल भिंतीकडे वळवले: ठिणगी गायब. हँडलच्या आत वायर वर्षानुवर्षे घासून उघडी पडली होती आणि हँडल वळवले की सांगाड्याला चिकटत होती. मेकॅनिककडे गाडी सरळ उभी असे, बोळात वळवलेली. वीतभर नवी वायर घालून काम संपले.

गाडी सुरू झाल्यावर मामांनी काचीगुडा स्थानकापर्यंत एक फेरी मारली. काढलेली जुनी कॉइल त्यांनी डिकीत जपून ठेवली आहे. तिच्यात कधीच काही बिघाड नव्हता.